साडेचार

वीस मार्च. पुण्यात पहाटेचे साडेचार,
तिकडे आठ वाजलेत.
घारपुरेबाई एरंडवण्यातल्या गच्चीत शाल घेऊन उभ्या.

मियोको त्या सकाळी भुयारातून वर आली
नि बाईंना म्हणाली, आभाळ भरून आलंय का गं?
ऊन तर लख्ख पडलेलं.

जगबुडी येणार म्हणणाऱ्यांनी ती
वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती,
छत्रीच्या टोकाने टोचली.

संध्याकाळी जपानीच्या वर्गात बाई नावं लिहितात.
रेघांचा क्रम चुकला की पुसून पुन्हा.
फरशी पुसायला वाकलेल्याचं नाव लिहिताना
खडू मोडतो. दर वर्षी नाही, पण मोडतो.

तेरा होती.
चौदावं पंचवीस वर्षं खाटेवर पडून होतं,
मग आलं.

तास संपला. शिपाई
ओला फडका घेऊन दारातच थांबलाय.