डोळे भरायची सुरी

मी मिलच्या वजनकाट्यावर असतो.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, मधली वजाबाकी.
लोखंड मला टनातच कळतं.
म्हणून शनिवारी नव्या जालन्यात
पाल ठोकून बसलेल्या घिसाडणीपुढं उकिडवा बसलो
तेव्हा बोटभर लोखंड कसं मागायचं
तेच सुचेना.

"कायला पाहिजे?"
म्हटलं, गळ्यात अडकवायला. बायकोच्या.
भाता थांबला.
तिचा पोरगा तोंड फिरवून हसला.
गळ्यावर सुरी ठेवणारे त्यांनी पाहिले असतील,
गळ्यात घालणारा मीच पहिला.

मग सांगावं लागलं सगळं.
द्वारका बदनापूरकडं रोपवाटिकेत जाते,
मोसंबीचे डोळे भरते.
जंबेरीच्या खुंटाला उभी चीर, आडवी चीर,
साल अलगद उचलायची,
आत एक डोळा सरकवायचा
आणि पट्टी बांधायची.
दिवसाला पाचशे डोळे.
पट्टीला दोन्ही हात लागतात.
तेवढा वेळ सुरी ती दातात धरते.

हे ती बोलली नव्हती.
ओठाच्या कोपऱ्यात ठेचा झोंबला
आणि ती पाण्याच्या तांब्याकडं धावली
तेव्हा कळलं.
खाली ठेवली तर पिशव्यांच्या रांगांत हरवते.
औंदा तीन गेल्या.
मालक पगारातून कापतो.

घिसाडीण कामाची बाई.
म्हणाली, मूठ खाली, पातं वर, असं उलटं टांगायचं,
ओढली की हातात आली पाहिजे.
म्यान घट्ट. साखळी नको, दोरी घे,
फांदीत गुतली तर दोरी तुटावी, मान नाही.
(पोत तर द्वारका कामावर जाताना
बिस्किटाच्या डब्यात काढून ठेवते.
आईला अजून माहीत नाही.)

आणि मग, पातं निखाऱ्यात सारत:
"डावरी का उजवी?
कलमाच्या सुरीला मी एकाच अंगानं धार काढते.
हात चुकला तर साल फाटंल."

चौदा वर्षं झाली लग्नाला.
भाकरी दोन्ही हातांनी थापते.
विळीवर दोन्ही हात.
जेवते उजव्यानं, बँकेत सही उजव्यानं.
मला ताप आला की कपाळावर येतो तो हात
कुठला?
डोळे मिटलेले असतात माझे.

"तुपल्या बायकोचा हात तुला ठावं न्हाई व्हय,"
ती म्हणाली,
आणि पातं तसंच बाजूला ठेवलं.

रविवारी मिल बंद, रोपवाटिका चालू.
शेडनेटच्या मागं उभा राहिलो, चोरासारखा.
साडीवर माझाच जुना शर्ट,
खिशावर कार्बनचा निळा डाग.
डावा.
डाव्या हातानं चीर, चीर, डोळा,
सुरी दातात,
पट्टी, गाठ,
पुढचं रोप.
मी मोजायला लागलो आणि चुकलो.
जेवण, सही, हळदीकुंकू
मारून मारून उजव्यात घातलं असेल कुणीतरी.
चीर राहिली तिची तिच्याकडं.

सोमवारी सुरी घेतली. सव्वादोनशे.
सहज काट्यावर ठेवून पाहिली.
शून्य.
दहा किलोच्या आत आमचा काटा तोंडच उघडत नाही.

रात्री द्यायला गेलो तर हात मागं घेतला.
"हातात नको देऊ, भांडणं होतात. खाली ठेव."
ठेवली.
उचलली तिनं, अंगठ्याच्या नखावर धार पाहिली,
पातं उलटं केलं,
पुन्हा सुलटं.
"डावरीची हाये," म्हणाली. "कुणी सांगितलं तुला?"
म्हटलं, घिसाडणीनं.
"कितीला?"
म्हटलं, दीडशे.

भांडण झालंच, चौथ्या दिवशी,
गॅसच्या टाकीवरून.
कामावरनं आलेली, म्यान अजून गळ्यात,
शब्दागणिक हलत होतं.
मी ऐकत नव्हतो फारसं.
तिचं तोंड आता पूर्ण उघडत होतं.
कोपऱ्यातली चीर भरली होती.