शेवटच्या घरचं पाणी

पहाटे साडेपाचला मी गावाच्या पाण्यात वास कालवतो.
बादलीत टीसीएल, लाकडी काठीनं ढवळायचं,
चुना खाली बसू द्यायचा,
वरची निवळ तेवढी टाकीत.
नाकाला दुपट्टा, डोळे तरी चुरचुरतातच.
पंचायतीच्या कागदावर मी जलसुरक्षक,
गावात ब्लिचिंगवाला.
"आज लय औषध मारलं का रे?
वरण शिजून नाई राह्यलं माह्यं,"
परबताबाई नळावरूनच ओरडते.

मग चालत शेवटच्या घरी.
टाकीखालच्या नळाला काय, तिथं पाणी चांगलंच असतं.
काचेची नळी, तिच्यात ओटीचे दोन थेंब,
आणि थांबायचं.
पिकल्या निंबोळीएवढं फिकट पिवळं झालं
की माझा दिवस सुरू.

एका श्रावणात ते पांढरंच राहिलं.
मला वाटलं, बाटली जुनी झाली असेल.
बाटली नवीच होती.
पाइप फुटला होता नालीत, गवताखाली,
आणि मी एक अख्खा दिवस बाटलीवर संशय घेतला.
रात्री शाळेत सलाइन लागले,
फळ्याच्या खिळ्याला, खिडकीच्या गजाला,
पाढ्यांच्या तक्त्याच्या वर.
चौघांना बाजेवर घालून नाल्यापर्यंत नेलं.
नाला दोन्ही थड्या धरून वाहत होता,
पलीकडे गाडी नव्हती.
परत आले ते तिघे.

यंदा मे महिन्यात भोयर सिस्टरनं बैठक लावली,
समाजमंदिरात, लाइन गेलेली,
सगळे पत्रिकांनी वारा घेत.
"साथ आल्यावर पळापळ नको, आत्ताच लिहा."
अक्षर बरं म्हणून रजिस्टर माझ्याकडे.
कोणाच्या स्लॅबवर मोबाइलला टॉवर येतो.
मीठ-साखरेचं पाणी कोणाला करता येतं:
सगळे हात वर,
करून दाखवा म्हटल्यावर अर्धे खाली.
कोणाची सून आठव्या महिन्यात.
घरात एकटं कोण झोपतं.
तुळसाबाईनं स्वतःच सांगितलं,
"मी हावो एकटी. लिव.
सकाळी दार नाई उघडलं त लाथ मारजा."

शेवटचा रकाना:
पावसाळाभर नाल्यापलीकडे उभी राहील अशी गाडी.
समाजमंदिर गप्प झालं.
पलीकडे टिनाचं शेड एकाच्याच वावरात,
आणि चार चाकं त्याचीच.
गुणवंता. माझ्या काकाचा.
नऊ वर्षं झाली बोलणं बंद,
दीड हात धुऱ्यावरून,
ज्याच्यावर तरोट्याशिवाय काही उगवत नाही.

तो मागच्या खांबाला टेकून होता.
"ठेवतो मी," सिस्टरकडे बघून म्हणाला.
"नंबर सांगा."
त्यानं तोंड उघडायच्या आत
माझ्या पेननं दहाही आकडे लिहून टाकले होते.
तो जवळ आला, वाकून पाहिलं.
"हा बंद झाला. सीम बदललं म्या."
मी खोडलं. त्यानं नवा सांगितला, सावकाश,
पोराला पाढा सांगावा तसा.
"वाच बरं एकडाव."
मी वाचला.
नऊ वर्षांत त्याच्याशी बोललो ते एवढंच,
दहा आकडे.

आता जून सरतोय.
नाल्याचं पाणी पोटरीला लागतं, उद्या मांडीला लागेल.
शेवटच्या घराच्या ओट्यावरून पलीकडचं शेड दिसतं.
गाडी आहे. तोंड रस्त्याकडे,
टपावर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड.
धुऱ्याचं कोणी काढलं नाही, त्यानंही, मीही.
नळीत पिवळं आलंय, जरा जास्तच,
परबताबाईचं वरण आजही शिजणार नाही.
रजिस्टर चाळताना लक्षात आलं,
गाडीची चावी रात्री कुठं ठेवतो
ते लिहायचं राहिलंय.
फोन करावा लागेल.