ग्राहक घरी नव्हता

तिसरा मजला, लिफ्ट नाही.
सिडकोनं बांधलं तेव्हा
आम्हा सगळ्यांनाच गुडघे होते.

आता मोहरी संपली तर फोनवर बोट ठेवायचं,
तेल तापायच्या आत मोहरी दारात.
खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी
मी पुडी हातात घेऊन तशीच बघत राहिले
आणि तेल जळलं.

कधी कोथिंबिरीऐवजी पुदिना येतो,
'आपल्यासाठी पर्याय निवडला आहे' म्हणत.
एकदा चवळीऐवजी राजमा.
एकदा एक लिंबू,
उशीच्या अभ्र्याएवढ्या पिशवीत एकटंच.

कुट्टीच्या दुकानात असलं नव्हतं, म्हणायला जावं
तर कुट्टीच्या तांदळात खडे असायचे.
पण कढीपत्त्याचे पैसे घ्यायचा नाही,
आणि मी गॅलरीतून दोरीला पिशवी सोडली की
मान वर करून ओरडायचा, "लडका क्या बोलता?"
सगळ्या बिल्डिंगला कळायचं लडका काय बोलतो.
दोरी अजून आहे. तिच्यावर पायपुसणी वाळतात.

हे पार्सल मात्र निनादनं मागवलेलं,
टोरांटोत बसल्या बसल्या, माझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा.
चार दिवस मी त्याला येताना पाहिलं:
भिवंडी. भिवंडी. पुन्हा भिवंडी.
मग तुर्भे. मग, देव जाणे का, पनवेल.
मग आज दुपारी साडेबाराला
रेवणसिद्ध, हेल्मेटसकट, धापा टाकत.

"नेरुळ म्हणून सेक्टर दहात फिरलो, काकू.
तिकडंपण सतरा नंबर हाय."
"सगळीकडेच आहे रे बाबा सतरा नंबर."

"ओटीपी सांगा."

ओटीपी निनादच्या फोनवर.
निनाद झोपलेला, तिकडे रात्रीचे दोन.
मी फोन लावला, आणि दुसऱ्या रिंगला
माझा मीच कापला.
सहाला उठून गाडीवरचा बर्फ उपसतो तो.

रेवणसिद्ध पेलाभर पाणी प्याला, मग आणखी पेलाभर.
खोकं आमच्या दोघांच्या मधे, उंबऱ्यावर.
वर माझं नाव, कुमुद वायंगणकर,
आत माझ्याच गुडघ्याचं माप.
"मला दिसतंय की तुमचंच हाय,
पण ह्याला दिसत न्हाई," त्यानं मोबाइल पुढे केला.
पाठीवर अजून एकतीस पार्सलं त्याच्या.

कारण दिल्याशिवाय परत नेता येत नाही.
कारणं तीन:
पत्ता सापडला नाही.
ग्राहकानं नाकारलं.
ग्राहक घरी नव्हता.
मुलगा झोपलाय, असं चौथं नव्हतं.

"कुठलं दाबू?"

नाकारलं म्हटलं तर पुन्हा येणारच नाही.
सापडला नाही म्हटलं तर त्याचे पैसे कापणार.
"नव्हते म्हण घरी,"
मी दाराची चौकट धरून सांगितलं.
त्यानं दाबलं. मग उगाच एकदा
माझ्यामागे घरात डोकावून पाहिलं,
खरंच कोणी आहे की नाही, तसं.
खोकं पाठीवर गेलं.
तीन मजले मी त्याचे बूट ऐकले,
दोन-दोन पायऱ्या एकदम.

रात्री निनादचा फोन.
"आई! घरी नव्हतीस? कुठे गेली होतीस?"

केवढा आनंद आवाजात.
गेल्या गणपतीपासून मी जिना उतरले नाही,
तारखेसकट ठाऊक आहे त्याला.

"गेले होते जरा," म्हटलं. "तळ्यापर्यंत."
"चालत?"
"मग काय."
"फ्लेमिंगो आलेत?"
"आलेत की," म्हटलं.
"एका पायावर उभे होते सगळे."