कोरुमदुक

तुझा ट्रक आला तो दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर बसून,
पुढची चाकं वर, वरातीतल्या नवरदेवासारखा.
नारिनच्या चौकात पोरं धावली.
सेयिलने दुकान उघडं टाकून रस्ता ओलांडला.
आमच्याकडे नवं काही पाहिलं
की पाहणाऱ्याने द्यायचं असतं: कोरुमदुक.
बाळाचं देतात, सुनेचं देतात, आता तुझ्या ट्रकचं.
कुणी वायपरखाली नोट खोचली,
कुणी बंपरवर गरम बोर्सोक मांडले.
तू सगळ्यांशी हात मिळवलेस, एसेनगुल,
आणि मला म्हणालास, बुरुलचा एजे, किल्ली दे,
उद्या कारा-केचेला कोळसा भरायचाय.

मी किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

नव्यात काय बघायचं, म्हणालास.
अरे, जुन्याचं दुखणं निदान ठाऊक असतं.
मीटरवर एकसष्ट किलोमीटर आहेत.
सांग बरं, ते कुणी चालवले?

खड्ड्यात उतरले. दिवा दोलोतने धरला.
तेरा वर्षांचं पोर; हात हलला की उजेडही हलतो.
किंगपिनच्या निपलवर रंग बसलेला.
कुणीतरी घाईत एकाच फवाऱ्यात सगळं काळं केलंय,
नट, निपल, वायरींचा जुडगा,
आणि एक माशी, पंखांसकट.
ग्रीसगन दाबली तर वंगण माझ्याच मनगटावर.
सुईने रंग खरवडला. पुन्हा दाबली.
आधी कोरडा भुगा आला,
मग सावकाश, लोण्यासारखं, वंगण.

वरून तुझा आवाज: झालं का?

कूलंटचा थेंब काचेवर घेतला.
उणे बाराला गोठणार.
उणे बारा म्हणजे आमच्याकडे
अजून लोक टोपी शोधत असतात.
ज्याने हे भरलं त्याच्या गावी
हिवाळ्यातही फुलं विकत असतील बहुधा.
सगळं काढून टाकलं, सगळं नवं भरलं.
डिफरन्शिअलमध्ये तेल एक पेरभर कमी.
आणि मागच्या डाव्या पाट्याचा यू-बोल्ट
हाताने फिरला.
हाताने, एसेनगुल.

तेव्हा तू खाली उतरलास, नव्या बुटांनी, तेलात.
नट फिरवून पाहिलास. उलटा फिरवून पाहिलास.
काही बोलला नाहीस.
तुझ्या आईच्या सात घोड्या विकल्या तेव्हा
घेणाऱ्याने एकेकीचा खूर उचलून पाहिला होता,
आणि तू चिडला होतास,
आमच्या घोड्यांवर विश्वास नाही का, म्हणून.

तीन दिवस गेले.
सीटवरचं प्लॅस्टिक राहू दे म्हणालास, मी फाडलं.
त्यावरून माणूस घसरतो, पाय ब्रेकवर पोचत नाही.
हवेच्या टाक्यांतलं पाणी सोडलं.
मग टॉर्कचा पाना, समोरासमोरचे नट, कटकन आवाज येईपर्यंत.
प्रत्येक नटावरून रिमवर एक पांढरी रेघ:
नट सरकला तर रेघ तुटलेली दिसेल.
साठ नट, साठ रेघा.
त्यातली एक दोलोतच्या हातून वाकडी गेली.
मी म्हटलं, असू दे.

पैसे मोजताना तू हसून विचारलंस,
सगळ्यांनी दिलं, तुझं कोरुमदुक कुठेय?
खरंच की. सगळ्यांत जास्त तर मीच पाहिला होता,
पोटाखालून, तीन दिवस.
बिलातलं वंगण खोडलं.
म्हटलं, पन्नास किलोमीटरवर थांब, नट पुन्हा आवळ.
हो हो, म्हणालास, एक पाय पायरीवर ठेवून.
हे असलं हो हो मी पुष्कळ ऐकलंय.

दुपारी फोन वाजला. वाऱ्याचा घोंगाट, मागे मेंढ्या.
एजे, थांबलोय. मागच्या उजव्या चाकाला
एक रेघ जुळत नाहीये.
ही त्या पोराची वाकडी, की सरकलेली?

मी दोलोतला हाक मारली.
तो विचारात पडला. उजवं? डावं? त्याला आठवेना.

फोनवर तू वाट पाहत होतास.
पाना काढ, मी म्हटलं.