पहिलं रीडिंग

दलाल म्हणाला, मॅडम, बसल्या जागी दहा हजार.
बसल्या जागी काय मिळतं ते मला ठाऊक होतं,
एकतीस वर्षं पोलोग्राउंडच्या ऑफिसात
लोकांची विजेची बिलं काढत बसले होते.
तरी पीएफ उचलला.
बंगाली चौराह्यामागे, तिसऱ्या मजल्यावर
एक खोली, एक हॉल,
आणि एक पातेलं उपडं घालता येईल एवढी बाल्कनी.

मालकीण व्हायचं कुणी शिकवत नाही.
रजिस्ट्रीत अंगठा, फोटो, सह्या,
मग हातात किल्ल्या, तीन.
चौथी बिल्डरच्या माणसाकडे, अजून मागतेच आहे.
वहीत लिहिलं:
गीझर पाच हजार आठशे. पुट्टी. माळ्याचं दार.
सोसायटीला पेढे, वेगळे.
दोन महिने रिकामं.
रिकाम्या घरालाही मेन्टेनन्स लागतो.
जावई म्हणाला, सव्वादोन टक्के पडतात, मम्मी,
एफडीत सात मिळाले असते.

पहिले आले त्यांनी होकायंत्र काढलं.
दुसऱ्यांनी भिंतीवर टिचक्या मारल्या,
टरबूज घेतात तशा.
मग आली ललिता मुवेल,
एम. वाय.मध्ये नर्स, गाव जोबटकडे.
तिने एवढंच विचारलं:
दिवसा झोपते मी, वरती कुणी कुटतं-बिटतं का?

सचिव म्हणाले, मुवेल म्हणजे...?
मी म्हटलं, म्हणजे नऊ हजार, दर पाच तारखेला.
उत्तर चोख होतं.
रात्री भाजी चिरताना खटकलं:
तिला आत घ्यायला
मी तिची रक्कम केली होती.

अकरा महिन्यांचा करार. थाण्यात फॉर्म.
नोटरीच्या कागदात ती किरायेदार, द्वितीय पक्ष,
आणि मी प्रथम.
चार बहिणींत धाकटी मी,
आयुष्यात पहिल्यांदा प्रथम.

मग जिन्याखाली, मोबाईलच्या उजेडात,
मी वाचलं, तिने लिहिलं:
चारशे सतरा.
खाली दोघींच्या सह्या.

लोक पत्रिका वाचतात, मला युनिटं वाचता येतात.
मार्च, अडतीस: एकटी, काटकसरी, टीव्ही नाही.
एप्रिल, एक्याण्णव: कूलर घेतला, बरं केलं.
मे, एकशे चौसष्ट.
एकशे चौसष्ट म्हणजे दुसरं माणूस,
किंवा एकच, आणि आजारी,
किंवा कुणीतरी रात्रभर दिवा न मालवणारं.
कलम सात म्हणतं, अन्य व्यक्तीस ठेवण्यापूर्वी.
मी जिना चढले, बिल हातात.
एरवी बिल मोबाईलवरच पाठवते.

दाराबाहेर चपला, तीन जोड.
एक तिची, पांढरी.
एक पुरुषी, टाचेत झिजलेली, दोरीने शिवलेली.
एक इतकी लहान की माझ्या तळहातावर मावेल.
आत खोकला, म्हाताऱ्या छातीतला, लांबत गेलेला,
मग तिचा आवाज, दवाखान्यातला नव्हे,
मला न येणाऱ्या बोलीत,
मग कुणीतरी हसलं.
पर्समध्ये किल्ली होती, तिसरी, माझ्या वाट्याची.
ती कशासाठी असते
हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही.

पायरीवर बसले. गुडघे दुखत होते, तेही खरंच.
मग उतरले.
जिन्याखाली मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता,
बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट.
अकरापर्यंत मोजले, मग लाज वाटली.
बिलाच्या मागे लिहिलं:
बाथरूमचा नळ गळतो का? प्लंबर आणते.
कधी येऊ, तुम्ही सांगा.
आणि कागद दारात न सरकवता
तिच्या स्कूटीच्या हँडलला अडकवून
घरी आले.