परत आलेली ताटं

नेमणुकीच्या पत्रात माझं पद दोन ओळींचं आहे:
संचालक, आरोग्य व सर्वांगीण स्वास्थ्य.
दारावरच्या पाटीत ते मावेना,
म्हणून सुताराने ‘सर्वांगीण’ गाळलं.
बरंच केलं.

खारघरच्या टोकाला, डोंगराला पाठ टेकून
आमचं विद्यापीठ. अकरा हजार चारशे मुलं,
सहा वसतिगृहं, एक रुग्णवाहिका,
जिची बॅटरी नेमकी परीक्षेच्या महिन्यात उतरते.
रात्री दोननंतर तळोज्याकडून वास येतो,
तेव्हा कोण जागं आहे ते कळतं:
जागी मुलं उठून खिडक्या लावून घेतात.
मी मोजल्यात एकदा, खाली उभी राहून.
एकशे बारा.

हा आकडा अहवालात बसत नाही.
अहवालात बसते झोपेची पाहणी, प्रतिसाद नऊ टक्के.
“बाकीचे झोपले असतील,” कुलसचिव म्हणाले,
आणि सगळी बैठक हसली. मीही.

सुगंधा भोपी मला भेटल्या मेसच्या मागच्या दारात.
खरं तर आधी ताटांचा ढीग भेटला,
मग ढिगामागून आवाज:
“तो सी ब्लॉकचा चष्मेवाला, मॅडम.
चार दिस झाले, भात नुसता चिवडतंय.”
नाव माहीत नाही. नाव त्यांना लागतही नाही.
कोण कडेकडेने खातं, कोण मधोमध खड्डा करतं,
कोण पोळीचे तुकडे वाटीखाली दडवतं
जेवल्यासारखं दिसावं म्हणून,
हे त्यांना खरकट्यावरून वाचता येतं.

मी शोधला त्याला. इंद्रजित मडावी, दुसरं वर्ष,
घर आरमोरीच्या पुढे कुठेतरी.
आम्ही काय बोललो ते इथे लिहिणार नाही.
तिसऱ्या आठवड्यात सुगंधाबाई एवढंच म्हणाल्या,
“काल लोनचा मागून घेतला त्यानी.”

मग मला, संचालकाला, सुचायचं ते सुचलं.
एक वही घालू. तारीख, ब्लॉक, किती उरलं.
आठवड्याला तक्ता. कुलगुरूंना आवडेल.
बाईंनी नळ बंद केला.
“लिवू नका. पोरांना कललां
तं ताटां पुसून आनतील. पन जेवनार नाय.”
नळ पुन्हा सुरू.

ती वही माझ्या पर्समध्येच आहे.
इस्त्रीवाल्याचा हिशेब लिहिते तिच्यात.

पण नळ बंद करताना हात दिसला होता.
पावसाळ्यात पायांना होतात त्या चिखल्या,
इथे बोटांच्या बेचक्यांत, बारा महिने.
पांढरी फुगलेली कातडी, आणि चिरांत साबण.
“केंद्रात का नाही आलात?”
केंद्रात केसपेपरला नोंदणी क्रमांक लागतो.
मुलांना असतो, प्राध्यापकांना असतो,
ठेकेदाराच्या माणसांना नसतो.
तो नियम माझ्याच सहीचा आहे,
गेल्या जूनचा,
गर्दी कमी व्हावी म्हणून काढलेला.

सही मागे घ्यायला अकरा आठवडे गेले,
दोन समित्या, आणि वित्त विभागाचं एक ‘पाहू’.
पण त्या संध्याकाळी मी केसपेपर फाडला,
क्रमांकाच्या चौकटीत माझाच क्रमांक घातला,
कपाटातून मलम काढून दिलं
आणि चोवीस वर्षांच्या सवयीने सांगून टाकलं:
दिवसातून दोनदा लावा. हात कोरडे ठेवा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मग मागे, मोरीकडे,
जिथे रात्रीच्या जेवणाची पहिली ताटं येऊन पडत होती.

“कवा?”

चेष्टा नव्हती त्यात.
औषधाची वेळ विचारतात, तशी
नीट विचारत होत्या.