ट्रायल

तीन हिवाळे हे सोलंगला होते,
बर्फावरच्या स्कूटरी दुरुस्त करायला.
इथं साकोली रस्त्यावर लुना अन् धानाचं थ्रेशर,
तिथंही तेच टू-स्ट्रोक, तोच निळा धूर,
फक्त चाकांच्या जागी पट्टा
अन् समोर दोन पाय, बदकासारखे.
फोनवर एवढंच कळायचं.
बाकी वारा.

येताना आणली एक स्की. एकच.
जोडीतली दुसरी कुण्या दिल्लीवाल्यानं झाडावर मोडली.
दुकानात भिंतीला आडवी ठोकली,
तिच्यावर पाने, प्लग, चहाचा पेला.
गिऱ्हाईक विचारतं, हे काय जी, डोंग्याचं वल्हं?
हे म्हणतात, तसंच समजा.

मे महिन्यात पारा सेहेचाळीस.
पोट्टे दुकानाची सावली धरून बसतात
अन् बर्फ ऐकतात.
कापगत्यांची सोनल रोज तेच विचारते,
काका, थंडी किती?
हे पाना उचलतात : उघड्या हातानं धरला
तर कातडं पान्यालाच राहते.
पोट्टे हात आखडतात.
मग एकेक बोट लावून बघतात.
पाना तापलेला असतो,
तरी सगळे ओरडतात : गार!

माझा प्रश्न वेगळा होता.
तुम्ही स्वतः किती चालवली?

बरेच दिवस टाळलं.
मग एका रात्री कूलरमध्ये पाणी भरता भरता बोलले.
पर्यटक यायच्या आत, सकाळी,
दुरुस्त झालेली गाडी लाल झेंड्यापर्यंत न्यायची,
परत आणायची. शंभर मीटर.
त्याला ट्रायल म्हणतात.
तेल मालकाचं, मजा गिऱ्हाईकाची.

एकदा तुमसरचं कुटुंब आलं होतं.
बाई भाड्याच्या कोटात, गमबूट उलटसुलट पायात,
उतारावर किंचाळली, अवं माय वं!
तेवढ्या एका बोलीवर ह्यांनी
तिला दहा मिनिटं जास्तीची फिरवली.
मालकानं पगारातून कापले.

अन् तुम्ही?
एकदा झेंड्याच्या पुढं गेलो.
किती पुढं?
कूलर भरला. ह्यांनी नळी पिळून गुंडाळून ठेवली.
थोडंसं.

परवा मिल बंद झाल्यावर
मीच स्की काढली भिंतीवरून.
पाने खाली ठेवले, मोजून.
लाईट गेल्यावर लावतो ती अर्धी मेणबत्ती
तिच्या पोटावर घासली.
एकाच दिशेनं, हे सांगत होते,
मागंपुढं नाही, एकाच दिशेनं.

राईस मिलच्या मागं उन्हाळी धानाच्या तुसाचा ढीग,
दुमजली.
चांदण्यात तो बर्फासारखा दिसत होता असं म्हटलं असतं,
पण नव्हता. पिवळाच होता, अन् खाजरा.
चौकीदार फुलीचंद बाजेवरून म्हणाला,
काहून चढून राहिल्या वयनी, साप रायते तेथं.
दोन पावलं वर, एक खाली.
साडी खोचून बसले.
हे खाली उभे, हात पसरून,
मला कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाले :
मॅडम, मागं रेला! पाय उचला!

पहिल्या वेळी स्की रुतली,
मी एकटीच घरंगळत आले.

दुसऱ्या वेळी सुटली.
कानाशी सळसळ, तोंडात तूस,
पोटातलं काहीतरी वरच राहिलं
अन् मी खाली.
तोंडून तेच निघालं, तुमसरच्या बाईचं.
फुलीचंद उठून बसला.

हे माझ्या केसांतलं तूस काढू लागले.
म्हटलं, राहू द्या. आता तुम्ही.
झाली ना ट्रायल, म्हणाले, चला घरी.
म्हटलं, इथं झेंडा कुठं आहे?

गेले वर. चप्पल काढून गेले.
बराच वेळ निघालेच नाहीत.
खालून मला फक्त स्कीचं टोक दिसत होतं,
काठाबाहेर आलेलं,
थोडंसं हलणारं.